वर्षातून एकदा माहेरची आठवण

मैत्रिणींनो, गावांनासुद्धा माहेर असतं असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. पण जुन्या ग्रीक लोकांना ही कल्पना अगदी साधी वाटे. आपण ‘मेट्रोपोलिस’ म्हणतो ना, त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘आई-नगरी’ असा आहे. आईच्या गावात जमीन पुरेनाशी झाली, भांडणतंटे वाढले किंवा व्यापारासाठी नवं बंदर हवंसं वाटलं, की तिथली काही माणसं गलबतांत बसून दूरच्या किनाऱ्यावर नवं गाव वसवायला निघत. निघताना आईच्या गावच्या पवित्र चुलीतला विस्तव बरोबर न्यायची पद्धत होती. नव्या गावातली पहिली चूल त्या विस्तवावर पेटायची. म्हणजे पाठवणीच की ही!

असं एक सासरी गेलेलं गाव बघण्याचा योग मला २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत आला. ह्यांना कारखान्यातर्फे दोन महिन्यांसाठी दक्षिण इटलीत, सालेर्नो शहराजवळ पाठवलं होतं. शेवटच्या पंधरवड्यात मी आणि आमची अकरा वर्षांची लेक तिकडे गेलो. तिकिटाचे पैसे माझ्या शाळेतल्या अर्धवेळ नोकरीतून साठवलेले होते, हे मुद्दाम सांगते. मी इतिहास शिकवते. मुलांना ‘ग्रीकांनी वसाहती स्थापन केल्या’ एवढं एक वाक्य सांगून पुढे जायचं, याचा मला कंटाळा आला होता.

गावाचं आजचं नाव पेस्टम. सालेर्नोहून आगगाडीनं जेमतेम अर्धा-पाऊण तास लागतो. स्टेशन अगदी छोटं. बाहेर पडलं की समोरच जुन्या तटाचा दरवाजा दिसतो. गावाभोवतीचा हा तट जवळजवळ पाच किलोमीटर लांबीचा आहे आणि बराचसा अजून उभा आहे. दरवाजातून सरळ रस्ता गावात जातो. तुमच्यापैकी कुणी कधी गेलीच, तर पायांत चपला नकोत, बूट घाला. अवशेषांतले जुने रस्ते दगडी, खाचखळग्यांचे. आम्ही बडोद्याहून नेलेले थेपले बरोबर होते, त्यामुळे खाण्याची चिंता नव्हती. आणि गंमत बघा, आसपासच्या शेतांतून म्हशी! अगदी आपल्यासारख्या काळ्याभोर. त्यांच्या दुधाचं पांढरंशुभ्र मोझरेला चीज ही इथली प्रसिद्ध वस्तू. परक्या मुलखात म्हैस दिसली की इतकं बरं वाटतं, म्हणून सांगू!

इसवी सनापूर्वी ६००च्या सुमाराला सिबारिस नावाच्या ग्रीक शहरातल्या लोकांनी हे गाव वसवलं आणि समुद्रदेव पोसायडनच्या नावावरून त्याला पोसिडोनिया म्हटलं. गंमत म्हणजे सिबारिस हीसुद्धा इटलीच्याच दुसऱ्या किनाऱ्यावरची, ग्रीसमधल्या अखाया प्रांतातून आलेल्यांची वसाहत. म्हणजे पोसिडोनियाची आईही परगावी दिलेली लेकच! आणि इसवी सनापूर्वी ५१०मध्ये क्रोटोन या शेजारच्या ग्रीक शहरानंच सिबारिसचा नाश केला. पोसिडोनियाचं माहेरच बुडालं. लेक मात्र नांदत राहिली.

नांदली आणि भरभराटली. तिथली तीन देवळं बघताना मान दुखायला लागते. दोन हेरा देवीची मानतात आणि एक अथेनाचं. हेरा ही लग्नाची, संसाराची देवता. तिचं सगळ्यांत जुनं देऊळ इसवी सनापूर्वी ५५०च्या सुमाराचं, म्हणजे अडीच हजार वर्षांहूनही जुनं. आमची लेक पळत जाऊन त्याचे खांब मोजायला लागली. ‘‘एक, बे, त्रण, चार...’’ समोर भरले नऊ. बाजूला गेली, तिथे ‘‘अढार!’’ समोरचे खांब विषम असले की बरोबर मधोमध एक खांब येतो, तसा तो इथे आला आहे आणि आतल्या दालनातही मधून खांबांची ओळ जाते. मी तिला हे समजावत होते खरी, पण माझं अर्धं लक्ष तिच्या मोजण्याकडे होतं. पोर मराठीत भांडते, मराठीत रुसते, पण मोजते गुजरातीत.

यात नवल काही नाही. माझं माहेर सांगलीचं, पण सासर चार पिढ्यांपासून बडोद्याचं. गायकवाडांच्या राज्यात ह्यांचे पणजोबा कारकून म्हणून आले नि तिथलेच झाले. मी स्वतः शाळेत गुजरातीतूनच शिकवते. त्या भाषेनं आम्हाला भाकरी दिली, शेजार दिला. तिच्याविषयी माझी मुळीच तक्रार नाही. पण त्या दिवशी संग्रहालयात वाचलेली आणि नंतर पुस्तकातून ताडून पाहिलेली एक हकीकत मनातून जाईना.

हकीकत अशी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीला डोंगराकडच्या लुकानी लोकांनी पोसिडोनिया जिंकली. कत्तल करून गाव रिकामं केलं असं झालं नाही. देवळं राहिली, बाजार राहिला. लुकान्यांच्या थडग्यांतली रंगीत चित्रं संग्रहालयात आहेत. घोड्यावरून घरी परतणाऱ्या शिपायाला सामोरी जाणारी घरची बाई त्यांत दिसते. हातात आरतीचं ताट तेवढं नाही! पण हळूहळू गावची बोली बदलली. ग्रीकांच्या मुलांची मुलं ग्रीक बोलेनाशी झाली. अरिस्टॉक्सेनस नावाच्या, टॅरंटम शहरात जन्मलेल्या संगीतज्ञानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं आहे की, हे लोक आपली भाषा आणि चालीरीती विसरले, पण एक ग्रीक सण मात्र अजून पाळतात. त्या दिवशी सगळे एकत्र जमतात, जुनी नावं, जुने रिवाज आठवतात, एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि आपापल्या घरी जातात.

वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचे मामंजी उभे राहिले. गणपतीच्या दिवसांत मंडळात जातात, जुनी पदं ऐकतात, डोळे पुसतात आणि घरी येऊन दुसऱ्या दिवसापासून नातीशी गुजरातीत बोलतात. तिला पटकन कळतं ना, म्हणून! २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम होतात, तेव्हाही थोडंफार असंच. खरं सांगू? मला त्या पोसिडोनियाच्या लोकांचं हसू आलं नाही. भीती वाटली.

पण त्याच संग्रहालयात उलटी बाजूही बघायला मिळाली. सेले नदीच्या मुखाशी, गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर हेरा देवीचं दुसरं मोठं ठाणं होतं. १९३४पासून पाओला झंकानी मोंतुओरो या बाई आणि उंबेर्तो झानोत्ती बियांको यांनी ते खणून काढलं. तिथे मातीच्या लहान लहान मूर्ती निघाल्या. देवी बसलेली, मांडीवर मूल किंवा हातात डाळिंब. बायका नवस बोलत आणि असल्या मूर्ती वाहत. तिथेच एका इमारतीत हातमागाची मातीची वजनंही शेकड्यांनी मिळाली. गावच्या मुली तिथे बसून देवीसाठी वस्त्र विणत असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे. लुकानी आले, इसवी सनापूर्वी २७३मध्ये रोमन आले, गावाचं नाव बदलून पेस्टम झालं, तरी बायकांचं मूर्ती वाहणं थांबलं नाही. पुढे दलदल वाढली, हिवताप आला आणि लोक गाव सोडून कापाच्चोच्या डोंगरावर राहायला गेले. धर्मसुद्धा बदलला. आज त्या डोंगरावर माता मेरीचं देऊळ आहे आणि तिच्या हातात काय आहे माहीत आहे? डाळिंब! ‘डाळिंबाची माता’ असंच तिचं नाव आहे.

बघा हं, पुरुषमाणसं सणाला जमून रडली, ती भाषा गेली. बायका रोज काही विणत, मागत, वाहत राहिल्या, ते डाळिंब राहिलं. विद्वान लोक माझ्या या हिशेबाला हसतील, आणि डाळिंब राहिलं तरी शब्द गेलेच, हेही खरं. पण मला आपलं वाटतं, वर्षातून एकदा डोळ्यांतून काढलेल्या पाण्यापेक्षा रोजच्या कामात वापरलेली गोष्ट जास्त टिकते. ट्रंकेतल्या जरीच्या साडीला कसर लागते, रोजच्या लुगड्याला नाही.

म्हणून घरी परतल्यावर मी भाषणं दिली नाहीत. नवा नियम एकच केला. महिन्याची वाण्याची यादी आता लेक करते, मराठीत. मी डबे उघडून बघते आणि तोंडी सांगते, ती लिहिते. पहिल्या महिन्यात ‘मोहरी’ला तिनं ‘राई’ लिहिलं, आणि ‘हरभऱ्याची डाळ’ लिहिताना तीनदा खोडलं. मामंजी शेजारी चष्मा लावून बसले होते. ‘‘अगं, जोडाक्षर असं नाही, असं,’’ म्हणत त्यांनीच पेन्सिल घेतली. तेव्हापासून ते दर महिन्याला यादीच्या वेळी हजर असतात आणि मधूनच सांगलीकडचा एखादा माझ्याही विसरण्यातला शब्द मला विचारतात.

वाण्याला अर्थातच मराठी वाचता येत नाही. म्हणून लेक दुकानात उभी राहून यादीतलं एकेक नाव मराठीत वाचते आणि त्याला गुजरातीत सांगते. दोन्ही तिचंच आहे ना!