मधुरा, इथेही तालमी असतात

जयनगर, बंगळुरू

प्रिय मधुरा,


लग्नानंतर बंगळुरूला यायचं म्हणजे नाटक सुटलंच, कन्नडमध्ये मला कोण उभं करणार, असं तू लिहिलंस. वाचून फार वाईट वाटलं. म्हणून लग्नाच्या याद्या बाजूला ठेवून आज तुला अरुंधती नाग यांच्याबद्दल लिहितेय.

लग्नाआधीच्या त्या अरुंधती राव. जन्म दिल्लीचा, 1956 सालचा; वाढल्या मुंबईत. मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही रंगभूमींवर वावरल्या. नाटकांच्या त्या धामधुमीतच त्यांना शंकर नाग भेटला. तो होन्नावरकडचा, पण मराठी रंगभूमीवर रमलेला. '22 जून 1897' या आपल्या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्याचा हात होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? पुढे तो कन्नड पडद्यावरचा लाडका नट झाला. त्याने रिक्षावाला रंगवलेला 'ऑटो राजा' येऊन इतकी वर्षं झाली, तरी इथल्या रिक्षांवर त्याचं चित्र असतंच. 'मालगुडी डेज' मालिका तर तू पाहिलीच आहेस, ती त्याचीच.

लग्न करून अरुंधती इकडे आल्या आणि कन्नड नाटकांत उभ्या राहिल्या. 30 सप्टेंबर 1990 ला दावणगेरेजवळच्या अपघातात शंकर गेला, जेमतेम पस्तिशीचा. त्याच गाडीत त्याही होत्या, जबर जखमी झाल्या. पदरात लहान मुलगी. मुंबईला परतल्या असत्या, तर कुणी नावं ठेवली नसती. त्या राहिल्या. देणग्या गोळा करत, वर्षानुवर्षं खपून त्यांनी दोघांच्या मनातलं नाट्यगृह जे.पी. नगरात उभं केलं. 2004 मध्ये उघडलेलं ते 'रंगशंकर'.

गिरीश कार्नाडांचं 'ओडकलु बिंब' त्यांनी कन्नडमध्ये केलं आणि हिंदीतही. मी कन्नड प्रयोग पाहिलाय. टीव्हीच्या स्टुडिओत एक लेखिका भाषण संपवून निघते आणि पडद्यावरची तिचीच छबी तिला अडवून प्रश्न विचारू लागते. पडद्यावरचं सगळं आधीच चित्रित केलेलं. समोर जिवंत नटी एकटी. ती क्षणभर रेंगाळली, तर छबी थांबणार नाही. घाई केली, तर उत्तर प्रश्नाच्या आधी येणार. शब्द, श्वास, वळणं, सगळं त्या मोजपट्टीत बसवायचं, तेही मोठेपणी आपलीशी केलेल्या भाषेत! 'पा' चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पद्मश्रीही मिळाली. पण मला विचारशील, तर त्यांची खरी ताकद त्या संध्याकाळी दिसली.

शेजारच्या काकू तुला कन्नड शिकवायला एका पायावर तयार आहेत. वर्षभर छोटी कामं कर, पडद्यामागे राब, कान तयार होऊ दे. घर लागलं की 'रंगशंकर'ला जाऊ. सोमवार सोडून बहुधा रोज काहीतरी असतंच. मात्र लवकर निघायचं. प्रयोग सुरू झाला की कुणालाही आत सोडत नाहीत. आधी पोहोचलो, तर तिथे साबुदाणा वडा छान मिळतो.

तुझी,
सुमामावशी