वारा पडला की

महाबळेश्वर. मे महिना, दुपारचे साडेतीन.

सकाळी कोयनेचं खोरं कसं लख्ख दिसत होतं! आता तिकडे नुसती धुरकट चादर. वर मात्र एक ढग फुलकोबीसारखा फुगत चाललाय. उन्हानं तापलेली हवा वर चढते, अरबी समुद्राकडचा दमटपणा कडे चढून तिला येऊन मिळतो; आणि आम्ही बसलोय साडेतेराशे मीटरवर, म्हणजे जवळजवळ ढगाच्या ओसरीवरच. मोबाइल म्हणतो, गडगडाटासह पावसाची शक्यता. कुठल्या डोंगरावर, ते तो बापडा कसं सांगणार? वळीव एका आळीत कोसळतो आणि पलीकडची कोरडी ठेवतो.

शेजारच्या काकूंनी अंगणातल्या कुरडया केव्हाच उचलल्या. "वारा पडलाय रे, आवर लवकर." अंदाज सांगण्यात माझा त्यांच्यावरच जास्त भरवसा.

वीज चमकली. एक, दोन, तीन... नऊ. म्हणजे तीन किलोमीटर. पुढची मोजताना सहावरच गडगडलं. मग पत्र्यावर टणकन पहिली गार, करवंदाएवढी.

टॉवेल दोरीवरच राहिला.