देगलूरचे गणगोत

नांदेडहून निघालेला रस्ता नायगाव, नरसी मागे टाकून देगलूरला येतो आणि तसाच पुढे हैदराबादकडे निघून जातो. वाटेत बोली बदलत जाते. देगलूरच्या बाजारात दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून मराठी, तेलुगू, कानडी किंवा दखनी उर्दू बोलतो. हिशेब मात्र चौघांशीही सारखाच चोख ठेवतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे गाव ठाऊक असते ते बहुधा आडनावामुळे. कीर्तनकार धुंडामहाराज देगलूरकर आणि मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर ही नावे त्यांच्या कानांवरून गेलेली असतात. गावाजवळच होट्टलला चालुक्यकाळातील कोरीव मंदिरे आहेत. ती सवडीने पाहावीत अशीच आहेत. यंदा मी गेलो तो मात्र निराळ्या कामाला.

माझ्या अमेरिकेतल्या भाच्याने घराण्याची वंशावळ संगणकावर मांडायला घेतली आहे. ‘आजोळची बाजू मामांनी भरावी’ असे त्याने परस्पर ठरवून टाकले. त्यासाठी ‘ग्रॅम्प्स’ नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर त्याने माझ्या लॅपटॉपवर चढवून दिले. म्हणून लॅपटॉप काखोटीला मारून मी देगलूरला आत्याच्या दारी हजर झालो. आत्या शहाऐंशी वर्षांची. आमच्या गणगोताची शेवटची जाणकार तीच. यजमान गेल्यापासून ती बिचकुंद्याहून माहेरच्या वाड्यात राहायला आली आहे.

या सॉफ्टवेअरची रीत मोठी मौजेची आहे. सगळे घराणे एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. एक माणूस मध्ये, आणि त्याच्याभोवती आईबाप, भावंडे, जोडीदार, मुले. त्यांतल्या कुणावर बोट ठेवले की तो मध्ये येतो आणि सारे घर त्याच्याभोवती नव्याने गोळा होते. हिंडता हिंडता वाट चुकली तर घराचे चित्र दाबावे. आपण पुन्हा मूळ माणसापाशी येतो. चालण्याच्या वाटा मात्र दोनच: एक जन्माची, दुसरी लग्नाची. साडूकडे जायचे तर आधी बायको, मग तिचे आईबाप, मग मेहुणी, आणि मग तिचा नवरा. चार पावले! मराठीने हा सारा प्रवास दोन अक्षरांत बसवला आहे.

इंग्रजीत चुलत, आते, मामे, मावस ही सगळी भावंडे एकाच ‘कझिन’ शब्दात कोंबतात. आमच्याकडे हा भेद पुसला तर लग्नेच मोडतील. चुलतबहीण आणि मावसबहीण या सख्ख्या बहिणींसारख्या. मामाची मुलगी मात्र हक्काची नवरी. इरावती कर्वे यांनी १९५३ साली आपल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या नात्यांच्या रीती महाराष्ट्रात कशा एकत्र येतात ते दाखवले आहे. त्याचे उदाहरण पाहायला मला दूर जावे लागले नाही. ते समोर बसून वाती वळत होते.

आत्या दिली होती मामाच्या मुलाला. म्हणजे तिचा सासरा हा सख्खा मामा. जुन्या घरांतून सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणे. वर्गात मी हे शब्द वर्षानुवर्षे शिकवत आलो. आत्याच्या घरी ‘मामंजी’ हा शब्द अक्षरशः खरा होता. तिच्या मुलाला मध्ये घेऊन मी वर चढू लागलो. पणजोबा-पणज्यांच्या आठ जागा असतात, पण माणसे भरली सहाच! बापाच्या बाजूने चढा की आईच्या, दोन्ही वाटा बिचकुंद्याच्या त्याच एका जोडप्यापाशी पोचत होत्या. आत्या म्हणाली, “त्यात काय बघलालास रे एवढं? घर एकच की.”

बिचकुंदा पूर्वी देगलूर तालुक्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला; देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे मात्र आंध्र प्रदेशात गेली. सोयरीक मोडली नाही, राज्य तेवढे मोडले. बिचकुंदा २०१४ साली तेलंगणात आणि २०१६ पासून कामारेड्डी जिल्ह्यात गणले जाऊ लागले. आत्याच्या यजमानांचा जन्म हैदराबाद संस्थानातला, संसार आंध्रातला आणि मृत्यू तेलंगणातला. वाडा तोच, ओसरीही तीच. जन्मतारीख विचारली तर आत्या म्हणते, “पोलीस ॲक्शनच्या लई आधी.” सॉफ्टवेअरला हेही चालते. ‘सप्टेंबर १९४८ पूर्वी’ असे लिहिले, त्याने मुकाट्याने घेतले. आमच्या कचेऱ्यांपेक्षा ते पुष्कळच समजूतदार आहे.

कचेऱ्यांवरून आठवले. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हापासून निजामकाळचे मोडी आणि उर्दू कागद गावोगाव दप्तरांतून बाहेर निघत आहेत, आणि वंशावळ हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला आहे. या कागदी वंशावळी मी पाहिल्या आहेत. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बाईचा पत्ता नाही. आमच्याही घरच्या पिवळ्या कागदावर सात पिढ्यांचे पुरुष आहेत. त्यांना जन्म कुणी दिला याचा उल्लेख नाही. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही यांची नावे घेतात खरी, पण ती सासरची.

सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक मुलामागे आईची जागा राखून ठेवते, आणि ती भरली नाही तर रिकामी चौकट डोळ्यांसमोर धरते. आत्याने त्या दोन दिवसांत सतरा बायकांची माहेरची नावे सांगितली. कुणी उदगीरची, कुणी बिदरची, एक थेट निजामाबादची. सांगताना ती पडद्याकडे पाहत नव्हती. डोळे मिटून एका घरातून दुसऱ्या घरात जात होती, आणि माझी बोटे तिच्या मागे धावत होती. एकदाच ती थांबली. तिच्या आजीपाशी, बिचकुंद्याच्या त्या जोडप्यातल्या बाईपाशी. दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथेच माहेरचे नाव नव्हते.

“आम्ही तिला जिजी म्हणायचो,” आत्या म्हणाली. “नाव कधी विचारलंच नाही बघ.”

मग बराच वेळ वाती वळून झाल्यावर तिला आठवले, की बिचकुंद्याच्या वाड्यात जिजीचा एक तांब्याचा हंडा आहे. पूर्वी लेकीला माहेरची भांडी नाव घालून देत. हंड्यावर नाव असेलच. मोडीत की तेलुगूत, ते तिला ठाऊक नाही.

तेलुगू वाचणारा एक विद्यार्थी मी गाठून ठेवला आहे. भाऊबीज झाली की आम्ही तिघे बिचकुंद्याला जाणार आहोत.