अंगणातली धायटी

गेल्या रविवारी गावी गेलो होतो. मूलच्या अलीकडे आमचे गाव. फाटकातून आत शिरलो तर विहिरीजवळची धायटी लालेलाल! पिशवी ओट्यावर टाकली आणि आधी तिकडेच गेलो. लावल्यापासून पहिल्यांदाच फुलली होती ती.

ज्यांनी धायटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेंदी आणि डाळिंबाच्या कुळातले हे झुडूप, साधारण माणसाच्या उंचीचे किंवा थोडे जास्त. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मुरमाड उतारावर, नाल्याकाठी आपोआप वाढते. माघ-फाल्गुनात फांद्यांना चिकटून लाल नळ्यांचे झुबके येतात. गंमत म्हणजे हा लाल रंग पाकळ्यांचा नाहीच, त्या अगदी चिमुकल्या असतात. लाल असते ती बाहेरची नळी, म्हणून फूल जुने झाले तरी रंग बराच टिकतो. दशमूलारिष्टाच्या बाटलीवर 'धातकी' असे लिहिलेले असते ना, ती हीच. आसव-अरिष्टे आंबवायला ही फुले घालतात.

लहानपणी आई आणि गल्लीतल्या बाया फुले तोडायला जंगलात जायच्या. मी मागे मागे, मध चोखत. घरी परातीत फुले वाळायची. कोणाला जुलाब लागले की त्यांची चिमूटभर पूड ताकातून मिळायची.

आता आई जात नाही. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतच राहतात. मीच तिला हात जोडून सांगितले, बस झाले आता. ती काही बोलली नाही. पण परात रिकामी राहिली. मग म्हटले, धायटीच घरी आणू.

पहिल्या वर्षी शेताच्या धुऱ्यावरचे एक झुडूप भर एप्रिलात खणून आणले. मुळे खोल गेलेली, निम्मी तुटली. आमच्याकडचे पंचेचाळीस अंशांचे ऊन! आठवडाभरात काटकी झाली. दुसऱ्या वर्षी बी पेरले, वर बोटभर माती लोटली आणि झारीने पाणी घातले. एकही उगवले नाही.

तिसऱ्या वेळी डोके वापरले. धायटीचे बी फार बारीक, जवळजवळ धुळीसारखे. बोंडे तपकिरी झाली की ती उकलायच्या आत कागदावर झाडून घ्यायची. कुंडीत चाळलेली रेती, माती आणि थोडे शेणखत. बी वर नुसते भुरभुरायचे, मातीने झाकायचे नाही. पाणी वरून न घालता कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवायची, माती खालून ओली होते. रोपे बोटभर झाली की एकेक पिशवीत लावायची आणि पुढच्या पावसाळ्यात जमिनीत. जागा उन्हाची हवी, पाणी साचायला नको. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते, मग ती आपली आपण जगते. आणि छाटणी करायची ती फुलोरा संपल्यावरच. मी एकदा दिवाळीत अंगण साफ करताना फांद्या कापल्या आणि त्या वर्षीची फुले घालवली. फुले जुन्या फांद्यांवर येतात, हे नंतर कळले!

असो. रविवारी आईला हात धरून झुडपाजवळ नेले. एक शिंजीर फुलांत चोच घालत होता. आईने ओंजळभर फुले तोडली, पदरात घेतली. मला वाटले, आता शाबासकी मिळणार.

"छान झालं रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण फुलासाठीच जात होतो काय आम्ही? तिथं बायाबायांचं बोलणं व्हायचं. घरी कुठं बोलता येते?"

मला काही सुचले नाही. तीस-पस्तीस वर्षे मी तिच्या मागे जंगलात गेलो, आणि मला फक्त फुले दिसली होती.

दुपारी तिने शेजारच्या दोघींना हाक मारली. तिघी धायटीजवळ खाट टाकून संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. फुले फारशी तोडली नाहीत. मी चहा करून दिला आणि मुकाट्याने आत गेलो.

यंदाचे बी उन्हाळ्यात झाडून ठेवतो आहे. नातलगांपैकी कोणाला हवे असेल तर पावसाळ्याआधी घेऊन जा. त्या दोन शेजारणींसाठी मात्र आधीच बाजूला काढणार आहे.