बिऱ्हाड आणि ‘हाऊस’

डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये मुलगा राहतो, खेळतो आणि हरतो-जिंकतो तो आपल्या ‘हाऊस’च्या नावाने. शाळा १९३५ सालची. हैदराबाद, काश्मीर, जयपूर व टाटा ही जुनी चार हाऊसे, ओबेरॉय १९९१ सालचे. हैदराबादची निजामी १९४८ साली संपली, जयपूर १९४९ साली राजस्थानात विलीन झाले. नावे मात्र पोरांच्या आरोळ्यांत टिकली. आम्हां बदलीवाल्यांना त्या पोरांचा हेवा वाटतो. आमच्यापाशी बिऱ्हाडे पुष्कळ. आपले घर कोणते, असे मुलाने विचारले, तर जेथे तो चार दिवसही सलग राहिला नाही त्या गावाचे नाव आम्ही सांगतो. केंद्रीय विद्यालयात त्याला ‘शिवाजी हाऊस’ मिळाले आहे. नव्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा त्याने एवढेच विचारले, “बाबा, तिथेही मला शिवाजीच मिळेल ना?”