सगरमाथ्याचा उतार

हिमालयाचें माहात्म्य आपल्याकडे आजवर बहुधा चढणारांच्या बाजूनेंच सांगितलें गेलें. पांडवांचें महाप्रस्थान वर जाण्याचें, कैलासयात्रेचीं वर्णनें वर जाण्याचीं. वर गेलेला मनुष्य खालीं कसा आला, याची विचारपूस फारशी कोणी केली नाहीं. नेपाळांत मात्र दरवर्षीं २९ मे या दिवशीं एक शर्यत होते, तींत उतरण्याचीच परीक्षा असते. १९५३ सालीं याच तारखेस तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले. त्या गोष्टीस पन्नास वर्षें झालीं तेव्हां, २००३ सालीं, ही शर्यत सुरू झाली. एव्हरेस्टला नेपाळी लोक सगरमाथा म्हणतात. त्याच्या पायथ्याच्या तळापासून नामचे बाजारापर्यंत ४२ किलोमीटर १९५ मीटर, म्हणजे मॅरॅथॉनचें पुरें अंतर, धावत यावयाचें. तळाची उंची ५,३६४ मीटर, नामच्याची सुमारें ३,४४०. म्हणजे एकंदर उतार १,९०० मीटरांहून अधिक.

माझ्या पुतण्यानें या शर्यतीस जावयाचें ठरविलें, तेव्हां घरांत पंधरा दिवस वाद चालला. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली होती. "उतारच तर आहे," असें तो म्हणे. वहिनींना तें पटेना. अखेर मी तेंगबोचेपर्यंत बरोबर जावें आणि पुतण्यानें पायाशीं हट्ट करूं नये, या अटीवर त्याला परवानगी मिळाली.

उतरावयाचें झालें तरी आधीं वर जावें लागतें. विमान लुकला येथें २,८६० मीटरांवर सोडतें; तेथून तळापर्यंतची वाट धावपटूही दहाबारा दिवस घेऊन, मुक्काम करीत, पायींच चालतात. हवेंत प्राणवायूचें प्रमाण तेथेंही शेंकडा २१ च असतें. परंतु हवेचा दाब घटल्यामुळें प्रत्येक श्वासागणिक तो कमी मिळतो, आणि तळावर तर समुद्रकांठच्या जवळजवळ निम्माच मिळतो. ही उणीव शरीराच्या हळूहळू अंगवळणीं पाडावी लागते. म्हणून ३,००० मीटरांच्या वर रोजचा रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीच्यापेक्षां ५०० मीटरांहून अधिक उंच असूं नये, व तीनचार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा, असा दंडक आहे. डोकें दुखून मळमळूं लागलें तर पुढें न जातां थांबावें. चालतांना तोल जाऊं लागला किंवा बसल्या जागीं धाप लागली तर तत्काळ खालीं उतरावें. येथें तारुण्याची वा तालमीची मिजास चालत नाहीं. धडधाकट मनुष्यासही हा विकार गांठतो.

शर्यत सुटते ती खुंबू हिमनदीच्या कांठीं. प्रथम बर्फ व हिमनदीनें आणून टाकलेले सुटे धोंडे यांवरूनच जावयाचें. तेथें धावणें कसलें, पाऊल ठरलें तरी पुष्कळ. गोरक शेप व लोबुचे मागें पडल्यावर थुकल्याची खिंड लागते. पर्वतावर प्राण गमावलेल्या गिर्यारोहकांच्या स्मरणार्थ तेथें दगडी चौथरे रचिले आहेत. त्यांच्या पुढें वाट एकदम खालीं कोसळते. मग दरीकांठच्या अरुंद वाटा, झुलते पूल आणि ओझ्याचे याक. याक समोरून आले म्हणजे डोंगराच्या अंगास सरून उभें राहावें. दरीच्या अंगास राहिल्यास त्यांचा एक धक्का पुरतो.

उतार सोपा वाटतो तो छातीला, मांड्यांना नव्हे. चढतांना मांडीचा स्नायु आंखडून देहाला वर उचलतो. उतरतांना तोच स्नायु ताणला जात असतांनाच देहाचा भार थोपवून धरतो. भरलेली घागर आडांत हळूहळू सोडतांना दोर धरणाऱ्याच्या हातांवर जो ताण पडतो, तसाच हा प्रकार. त्यानें स्नायूंचे बारीक तंतु दुखावतात, आणि वेदना खरी उफाळते ती दुसऱ्या दिवशीं.

तेंगबोचे ३,८६७ मीटरांवर आहे. तेथील बौद्ध मठ १९१६ सालीं स्थापन झाला, १९३४ च्या भूकंपांत पडला, १९८९ त आगींत जळाला, आणि पुन्हा उभा राहिला. शर्यतीच्या दिवशीं मी त्याच्या पटांगणांत बसलों होतों. पहिले आले ते नेपाळी धावपटू. पावलें आंखूड व झपझप, दृष्टि दोन पावलें पुढें, आणि कोठेंही टाच आपटणें नाहीं. बाहेरदेशचे धावपटू त्यांच्या मागून पुष्कळ वेळानें येऊं लागले.

पुतण्या आला तेव्हां दुपारचे दोन वाजले होते. उभ्याउभ्या त्याचा डावा गुडघा थरथरत होता. पाण्याचा घोट घेऊन तो म्हणाला, "काका, आतां नदीपर्यंत उतारच आहे. गेलेला वेळ भरून काढतों."

मीं म्हटलें, "फुंकी तेंगा येथें दूधकोशीच्या पुलापर्यंत सहाशें मीटर उतार आहे, आणि पुलापलीकडे पुन्हा उभी चढण. ती चढावयास पाय शिल्लक ठेव."

तो कांहीं बोलला नाहीं. दोनचार जण त्याच्या शेजारून भरधाव खालीं गेले. तो त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्यानें बुटाचे बंद आंवळले आणि लहान लहान पावलें टाकीत, चालत, झाडींत दिसेनासा झाला. ज्याच्या अंगांत शर्यत भरलेली आहे, त्याला त्या क्षणीं चालणें किती जड जातें, हें त्याच्या पाठीवरून मला दिसत होतें. मात्र त्यामुळेंच तो पुलापलीकडची चढण चढूं शकला, आणि संध्याकाळीं साडेपांचास नामच्यास पोंचला.

दुसऱ्या दिवशीं मीही नामच्यास उतरलों. तेथील उतारशाळेच्या लांकडी जिन्यावर मोठी मौज चालली होती. आदल्या दिवशीं डोंगर उतरलेले वीर कठडा धरून, तोंड मागें करून, एकेक पायरी उतरत होते. आमचे चिरंजीवही त्यांतच होते. परंतु गुडघ्यास सूज नव्हती.

ज्या घरांतील मुलें अशा ठिकाणीं जाऊं इच्छितात, त्या घरच्या वडील माणसांनीं "जाऊं नको" एवढेंच म्हणून थांबूं नये. आधीं महिनोन्‌महिने गांवाजवळच्या टेकडीवर चढण्याइतकाच उतरण्याचा अभ्यास करवावा, वर जावयास दिवस भरपूर द्यावे, आणि निघतांना मुलाकडून क्रमांकाचें नव्हे, पाय शाबूत राखण्याचें वचन घ्यावें.