काकवीची रम

हॅमिल्टन, न्यूझीलंड

प्रिय दादा,



तुझं पत्र मिळालं. गुऱ्हाळ पुढच्या हंगामात पेटवायचं की नाही, या विचारात तू आहेस हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. त्याच पत्रात तू जाता जाता विचारलंस की काकवीपासून रम होते का, आणि होत असेल तर ती करणारा कुणी आपली काकवी घेईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलंय, म्हणून पहिल्याबद्दल जरा लांबण लावून लिहितो.

आधी कायद्याचं. मी इथं घरी रम काढतो ती उजळ माथ्यानं. न्यूझीलंडमध्ये १९९६पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे, विकायला नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदीचा कायदा आहे आणि परवान्याशिवाय, अगदी स्वतःच्या घोटापुरतीसुद्धा, भट्टी लावणं हा गुन्हा आहे. तेव्हा तू किंवा पोरांनी हे पत्र वाचून मागच्या शेडात काही मांडायचं नाही. २०१५ला मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलनं. उसाच्या पाकातून मिथेनॉल नावालाच तयार होतं, पण विकाऊ दारूत बाहेरून काय ओतलं जातं हे पिणाऱ्याला कळत नाही. तू रम काढावीस असं माझं म्हणणं नाही. तू काकवी काढावीस आणि परवाना असलेल्या माणसानं तिची रम काढावी, एवढंच मनात आहे.

आता मूळ गोष्ट. इथं ऊस नाही. ऑकलंडला बर्कनहेडमध्ये खाडीकाठी चेल्सी नावाची साखर रिफायनरी १८८४पासून उभी आहे, पण तिची कच्ची साखर बोटीनं बाहेरून येते. या रिफायनरीचं गोल्डन सिरप इथल्या घराघरांत असतं. बिस्किटात, खिरीत, पावावर, सगळीकडे तेच. लंडनच्या प्लेस्टो भागात अ‍ॅब्रम लाइलच्या कारखान्यात १८८०च्या दशकात हा पाक पहिल्यांदा विकायला निघाला. साखर शुद्ध करताना मागं राहिलेल्या पाकातली काही साखर आम्लानं फोडायची, म्हणजे तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि पाक रवाळ होत नाही. काकवी बाटलीत कणी धरू नये म्हणून लिंबाचं फूल घालतात ना, त्यामागची युक्ती हीच.

साहजिकच माझी सुरुवात गोल्डन सिरपनं झाली. चमचाभर चाखावं तर काय सुरेख चव! टॉफीची, थोडी लिंबासारखी चुणूक असलेली. पण तो आंबवून गाळल्यावर भांड्यातून जे उतरलं ते स्वच्छ, सौम्य आणि जवळजवळ मुकं होतं. त्यातून मला जे कळलं ते या सगळ्या पत्राचं सार आहे: गोडवा वाफेबरोबर येत नाही. साखर यीस्टनं खाऊन टाकलेली असते, आणि चुकून उरली तरी ती उकळून उडत नाही, भांड्यातच बसते. पलीकडे जातं ते फक्त उडणारं. रस तापताना, आटताना, आंबताना जे वास तयार झाले, तेवढेच. त्यामुळं पाक निवडताना तो किती गोड आहे हे बघायचंच नाही. त्यातली साखर वजा केली तर मागं काय उरतं, एवढंच बघायचं. गोल्डन सिरपमधून साखर वजा केली की फारसं काही उरत नाही.

दुसरं टोक म्हणजे मळी. आमचा वायकाटो दुभत्या गाईंचा मुलूख. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात मळी डब्यानं मिळते. (त्यात खनिजं वगैरे मिसळलेली नाहीत ना, हे लेबल वाचून घ्यावं लागतं.) मळीत साखर साधारण निम्मी, बाकी क्षार, जळकेपणा, कडवटपणा. तिची रम भरदार उतरते, मला आवडतेही, पण तिच्यात ऊस ओळखू येत नाही. तीन तीन वेळा उकळून साखर काढून घेतलेला तो उरलासुरला पाक. त्याला शेताची आठवण राहणार कशी?

आणि मग इथल्या एका भारतीय दुकानात काकवी मिळाली.

दादा, काकवीची रम गाळताना गॅरेजमध्ये जो वास पसरला तो मी तुला नीट सांगू शकलो तर हे पत्र सार्थकी लागलं. आधी ओलं गवत, मग कच्च्या केळाच्या सालीसारखं काहीतरी, आणि शेवटाकडे भाजलेला, किंचित धुरकट असा, काहिलीच्या काठाला चिकटलेल्या गुळाचा वास. ताज्या रसाचं हिरवेपण आणि आटवण्याचा खरपूसपणा, दोन्ही एकत्र. मळीत पहिलं नसतं आणि नुसत्या रसाच्या रममध्ये दुसरं नसतं. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर ताज्या रसाचीच रम करतात. १९९६पासून तिला फ्रान्सची भौगोलिक मानांकनाची मोहोर आहे आणि तिच्या नियमात पाक चालत नाही, रसच लागतो. पण रस काही तासांत आंबतो, हे तुला मी काय सांगू! घाण्याशेजारीच भट्टी हवी आणि तीही हंगामापुरतीच. काकवी टिकते, वर्षभर वापरता येते, गाडीत घालून नेता येते. हैतीत काही छोट्या भट्ट्या रस आटवून ठेवतात आणि त्या पाकाची क्लेरँ नावाची दारू काढतात. ग्वाटेमालाची झाकापा रम पहिल्या रसाच्या दाट पाकाची. जपानच्या अमामी बेटांवर तर थेट काळा गूळच भातावरच्या बुरशीबरोबर आंबवतात आणि तिथल्या कायद्यानं ती सवलत फक्त त्या बेटांना आहे. म्हणजे आपण काही जगावेगळं बोलत नाही आहोत. बंगळूरच्या अमृत या मद्य कंपनीनं ‘टू इंडीज’ नावाच्या रममध्ये गुळापासून गाळलेलं मद्य वापरलंय. तुझा ग्राहक कुठल्या जातीचा असेल हे त्यावरून तुला कळेल.

आंबवण्याचं थोडक्यात सांगतो, कारण उद्या कुणी तुझ्याकडं आला तर त्याची भाषा तुला कळली पाहिजे. लिटरमागं साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतो. काकवीत पाणी तिसरा हिस्सा धरलं, तर वीस लिटर नऊ टक्क्यांपर्यंत न्यायला साडेचार किलोच्या आसपास काकवी लागते. त्यातून चाळीस टक्क्यांची रम हिशेबानं साडेचार लिटर, प्रत्यक्षात ठेवण्याजोगी त्याहून बरीच कमी. आपल्याकडं ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अव्वल अशी समजूत आहे. पण मी अगदी सुरुवातीचं जे उतरतं ते बाजूला काढतो; त्याला नेलपॉलिशसारखा उग्र वास असतो. शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागला की थांबतो. मधलं तेवढं खरं. विस्तव मी वापरत नाही, विजेची शेगडी आणि गॅरेजचं दार सताड उघडं. दारूची वाफ पेट घेते.

यीस्टला नुसती साखर पुरत नाही, नत्र लागतं. गोल्डन सिरपमध्ये ते जवळपास नाहीच, त्यामुळं यीस्ट अर्ध्यात बसतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. हातभट्टीवर छापा पडला की बातमीत गुळाबरोबर नवसागर असतोच असतो, आठवतं? त्यातल्या अमोनियममधून यीस्टला नत्र मिळतं. मी त्यासाठी खाण्याच्या दर्जाचं अमोनियम फॉस्फेट चिमटीनं घालतो. काकवीला तेही कमी लागतं, कारण रसातलं बरंच काही तिच्यात शाबूत असतं. आणि पाक आंबत जातो तसा फार आंबट होऊन यीस्ट गुदमरतं, म्हणून ऑयस्टरच्या शिंपल्यांचा चुरा, जो इथं कोंबड्यांना घालतात, तो तळाशी टाकतो. आपल्या गुऱ्हाळात मामा रसात चुन्याची निवळी घालायचे. काम तेच, आंबटपणा मारण्याचं.

जमैकात आणखी एक रीत आहे. गाळून झाल्यावर भांड्यात जे आंबट काळं पाणी उरतं ते ते टाकत नाहीत. साठवतात, मुरवतात आणि पुढच्या घाण्यात घालतात. ट्रेलॉनी परगण्यातल्या हॅम्पडेन भट्टीच्या रममध्ये या पाण्यातल्या आम्लांची अल्कोहोलशी गाठ पडून एस्टर तयार होतात, अननसाच्या वासाचे. शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागं १६०० ग्रॅमपर्यंत. आपल्याकडं ज्या स्पेंटवॉशचं नाव नदीतल्या मेलेल्या माशांच्या बातमीत येतं, ते हेच पाणी. मी काकवीच्या एका घाण्याचं पाणी पुढच्यात पाव हिश्शानं घातलं तेव्हा रमला फळाचा असा काही वास आला की शेजारच्या माओरी मित्रानं विचारलं, यात आंबा घातलास का?

गाळून झाल्यावर पाक घालण्याबद्दल माझं मत कडक आहे. आपल्याकडं रम म्हटलं की काळी, गोडसर, व्हॅनिलाच्या वासाची ओल्ड मंक डोळ्यांसमोर येते, आणि त्या चवीवर आपण सगळे वाढलोय. इथले बरेच जण कच्च्या रमला गोल्डन सिरप लावून गुळगुळीत करतात. मी बाटलीला एक चहाचा चमचा काकवी घालून पाहिली, मग दोन, मग चार. एकानं तोंडातली धार थोडी बोथट झाली, बरी वाटली. चार चमच्यांनी सगळ्या रम सारख्याच लागू लागल्या, चांगली आणि वाईट दोन्ही. गोडवा लपवण्याच्या कामी येतो. युरोपात आता रममध्ये लिटरमागं २० ग्रॅमहून जास्त गोडवा चालत नाही, आणि मला तो नियम पटतो. हायड्रोमीटरही याला साक्ष देतो: पाक घातला की रम जड होते आणि तो खऱ्यापेक्षा कमी टक्के दाखवतो. बाटलीवर ४० लिहिलंय आणि आकडा ३५ला थांबलाय, तर त्यात साखर आहे असं समजावं. फळं आणि व्हॅनिला रममध्ये मुरवून वर पाक घालायची रेयुनियन बेटाची घरगुती रीत वेगळी. तिथं कुणी काही लपवत नाही.

आता तुझ्या कामाचं. रमसाठी काकवी द्यायची असेल तर गुळासाठी उतरवतोस तिथवर नेऊ नकोस. गूळ ११८ अंशांना होतो, काकवी १०५-१०६लाच उतरवावी लागते, हे आपल्या गुळव्याला हाताला कळतं. दुसरं, आणि हे मी हात जोडून सांगतो: हायड्रॉस पावडर घालू नकोस. पिवळाधमक रंग बाजारात भाव देत असेल, पण तिच्यातलं गंधक यीस्टला मारतं आणि पुढं भांड्यातून सडका वास होऊन बाहेर येतं. रम करणाऱ्याला रंगाशी देणंघेणंच नाही. त्याला तपकिरी, भेंडीच्या चिकानं मळ काढलेली, चुलवाणावर न करपलेली काकवी हवी, आणि ऊस कुठल्या रानातला, को ८६०३२ की दुसरा, तोडल्यावर किती तासांत घाण्याला लागला, हे वहीत लिहिलेलं हवं. हे लिहून देणारा गुऱ्हाळवाला त्याला सहजी मिळणार नाही.

मळी स्वस्त असते हे खरं, आणि काकवीची बरोबरी तिच्याशी भावात होणार नाही. पण वासात मळी काकवीच्या जवळपासही येत नाही, हे मी स्वतः गाळून सांगतोय. गोव्यात आणि कर्नाटकात नव्या छोट्या परवानाधारक भट्ट्या सुरू झाल्यात. त्यांना पत्र लिहायचं काम माझ्यावर सोड. मसुदा या आठवड्यात करतो. तू एवढंच कर की हंगामाच्या पहिल्या आठवड्यात दोन काहिली हायड्रॉसशिवाय काढ, एक लवकर उतरवलेली आणि एक जरा दाट, स्वच्छ डब्यांत भरून त्यांवर तारीख आणि रान लिही. गुळव्याला सांग की हे त्याच्या हाताचं काम परीक्षेला जाणार आहे. तो खूश होईल.

गुऱ्हाळ बंद करायचा निर्णय निदान तोवर नको घेऊस.

मामा-मामींना शि. सा. नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. डबे प्लास्टिकचे नकोत, स्टीलचे घे. गरम काकवी प्लास्टिकचा वास धरते आणि तो गाळल्यावरही जात नाही.